रोबोटिक चाल-प्रशिक्षण: मशीन चालतं, पेशंट चालत नाही, या चुका टाळा

वडोदऱ्यात लकव्यानंतर रोबोटवर (पायांना पट्ट्यांनी बांधून ट्रेडमिलवर पाय चालवणाऱ्या मशीनवर) चालायला जाणाऱ्यांच्या घरी पहिला प्रश्न असतो, "आज किती पावलं झाली?" पण पायाने स्वतः जोर लावला का, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मशीनची मदत १०० टक्क्यांवरच ठेवणं. एआय असलेलं मशीन ठरलेल्या चालीपासून पाय किती ढळतो ते मोजतं आणि त्यानुसार मदत वाढवतं किंवा कमी करतं. पेशंटने पाय सैल सोडला की ढळ वाढते, मशीन जास्त ओढतं आणि आळस पक्का होतो. म्हणून मदतीची कमाल मर्यादा फिजिओथेरपिस्टनेच ठरवावी. भार घेताना गुडघा मुडपत नसेल आणि पंजा अडकत नसेल, तर ती १०-१० टक्क्यांनी उतरवावी.

दुसरी चूक सांधे जुळवण्यातली. मशीनचा खुब्याचा सांधा मांडीच्या हाडाच्या वरच्या, बाहेरून हाताला लागणाऱ्या उंचवट्यासमोर यायला हवा आणि गुडघ्याचा सांधा गुडघ्याच्या रेषेत. थोडा जरी सरकला तरी पट्टा घासतो. शिवाय त्या ओढाताणीला सॉफ्टवेअर पेशंटचा ताठरपणा समजतं, आणि पुढचे सगळे हिशेब चुकतात. त्वचेवर पेनाने खूण करा, पाच मिनिटांनी मशीन थांबवून पुन्हा तपासा. साडीवर किंवा सलवारीच्या चुण्यांवर हार्नेस (अंगाला बांधून वजन उचलून धरणारे पट्टे) नको. अंगाबरोबर बसणारी ट्रॅकपँट घाला. पट्ट्याखालची लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर पॅडिंग बदला.

हार्नेसने वजन फार उचलू नये. ६० किलोच्या पेशंटला ४० टक्के आधार म्हणजे २४ किलो. टाच टेकत नसेल, तर आधार जास्त झाला आहे.

मणक्याची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, घाम सुटला, तर ताबडतोब थांबवा. बसतं करा, पट्टे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा, रक्तदाब मोजा आणि डॉक्टरांना बोलवा.

प्रगती मशीनबाहेर मोजा: दर आठवड्याला सपाट जमिनीवर १० मीटर. २५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर, यापेक्षा हळू चालणारे बहुधा घरापुरतेच फिरतात. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरांचे ओटे आणि वळणाचे जिने ट्रेडमिलवर सरावता येत नाहीत. त्यासाठी फिजिओथेरपिस्टसोबत पायरी आणि वळण यांचा सराव त्याच दिवशी वेगळा करून घ्या, थकवा येण्याआधी.