जुन्या बाजारातून घर सजवण्यापूर्वीची तयारी

जुन्या बाजाराची वाट धरण्यापूर्वीचे पहिले काम मोजपट्टी घेऊन स्वतःच्या घरात फिरण्याचे आहे. ज्या भिंतीला कपाट लावायचे तिची लांबी-उंची, तिथल्या विजेच्या बटणांची जागा, आणि त्याहूनही आधी मुख्य दरवाजा, जिन्याचे वळण व लिफ्टचे दार यांची मापे वहीत नोंदवून ठेवावीत. जुनी सागवानी कपाटे पुष्कळदा सांध्यांत कायमची बसवलेली असतात. ती सुटी होत नाहीत, आणि वरच्या मजल्यावर न्यायची झाली तर दोरखंड लावून गॅलरीतून चढवावी लागतात. आमच्या घरचे एक टेबल दारापेक्षा दोन बोटे रुंद निघाल्यामुळे तीन दिवस इमारतीच्या पार्किंगमध्ये उभे होते.

मापांच्या शेजारीच गरजांची यादी लिहावी आणि एका फेरीसाठी तीनपेक्षा जास्त वस्तू तिच्यात नसाव्यात, कारण बाजारात गेल्यावर लागणाऱ्या वस्तूंपेक्षा आवडणाऱ्या वस्तूच अधिक दिसतात. खर्चाचा अंदाज बांधताना वस्तूच्या किमतीवर थांबू नये. हाताशी दहा हजार रुपये असतील, तर खरेदीसाठी सहा हजारच धरावेत आणि उरलेले हमाली, टेम्पो, सुतार व पॉलिश यांसाठी बाजूला ठेवावेत. स्वस्तात मिळालेली खुर्ची वेत विणून घेताना महाग पडते, हा हिशेब घासाघीस करण्यापूर्वीच डोक्यात असलेला बरा.

बाजाराचा वार पाहून निघावे. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. लोखंडी सामान, पितळी भांडी, घड्याळे व जुनी हत्यारे तिथे सकाळी लवकर गेल्यास निवडून घेता येतात. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर दिवे, आरसे, एनॅमलच्या पाट्या आणि चिनीमातीची भांडी मिळतात, पण शुक्रवारी तिथली दुकाने बहुधा बंद असतात. मोठे लाकडी सामान हवे असेल, तर जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार अधिक सोयीचा. पिशवीत टॉर्च, लोहचुंबक, दाभण, सुतळी, जुनी वर्तमानपत्रे व सुटे पैसे असावेत, आणि घरातल्या रिकाम्या कोपऱ्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये काढून न्यावीत.

लाकडी वस्तू पारखण्यास सर्वांत जास्त वेळ द्यावा. ती उलटी करून तळ पाहावा, कारण तिथे सहसा पॉलिश नसते आणि लाकडाचा खरा रंग व रेषा दिसतात. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना अचानक तुटत असतील, तर आत प्लायवूड किंवा हलके लाकूड असून वर पातळ पापुद्रा चिकटवलेला असण्याची शक्यता मोठी असते. खण पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे तपासावेत. बोटांत बोटे गुंतवावीत तसे कापलेले सांधे असतील, तर काम जाणकार सुताराचे आहे असे समजावे. पायांच्या बुंध्याशी दाभण टोचून पाहावे, कारण ओल आणि वाळवी यांची सुरुवात तिथूनच होते. भोके दिसली म्हणून वस्तू लगेच नाकारण्याचे कारण नाही: भोके काळपट व कोरडी असतील तर कीड बहुधा जुनी आहे, परंतु ठोकल्यावर फिकट रंगाचा ताजा भुसा गळत असेल तर भुंगा आत जिवंत आहे, आणि अशी वस्तू भाव निम्मा केला तरी घेऊ नये.

गाद्या आणि कापडी सोफे जुने घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ढेकूण एकदा घरात शिरले की वाचवलेले सारे पैसे औषधफवारणीत जातात. वेताच्या खुर्च्या व पलंग घेताना सांध्यांत टॉर्च मारून काळे ठिपके शोधावेत. रंगवलेल्या जुन्या वस्तूंबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्यापूर्वीचा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये; पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, तोंडाला मास्क लावून आणि मुलांना दूर ठेवून तो काढावा.

पितळी वस्तूला लोहचुंबक चिकटले, तर वर फक्त पितळेचा मुलामा आहे. घंगाळ किंवा बंब झाडांसाठी घ्यायचा असेल, तर त्यात थेट माती न भरता कुंडी आत ठेवावी. केवळ शोभेसाठी असलेल्या भांड्याला कल्हईची गरज नसते, आणि वर्षानुवर्षांची काळसर झाक चिंचेने घासून घालवण्याची घाई तर मुळीच करू नये. चिनीमातीच्या बरणीवर हळूच टिचकी मारावी. आवाज बद्द आला, तर तडा आहे. तडकलेल्या बरणीत फुले शोभतात, लोणचे मात्र घालू नये. दिव्यांची जुनी वायर व होल्डर बदलल्याखेरीज ते लावू नयेत. वस्तू परदेशी नातेवाइकांना पाठवण्याचा विचार असल्यास १९७२ चा पुरावस्तूविषयक केंद्रीय कायदा ध्यानात ठेवावा. त्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

पडद्यांसाठी बाजारापेक्षा घरातली ट्रंक आधी उघडावी. नऊवारी साडी साधारण सव्वाआठ मीटर भरते. दुमडीसह सव्वादोन ते अडीच मीटर उंचीचे तीन पट तिच्यातून निघतात, आणि पाच फुटी खिडकीला चुण्यांसकट ते पुरतात. मात्र घडीवर विरलेले कापड उजेडासमोर धरून आधीच बाद करावे.

सौदा ठरण्यापूर्वी हमाल व टेम्पोचे भाडे विचारून घ्यावे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश दमट हवेत पांढुरके पडते, म्हणून पावसाळ्यात घेतलेल्या लाकडाचे काम दसऱ्यानंतर काढावे. तोवर वस्तू गॅलरीत कोरड्या जागी, खाली काळा कागद अंथरून ठेवावी आणि रोज सकाळी तो कागद पाहावा. काही आठवडे त्यावर भुशाचा कणही पडला नाही, तरच ती दिवाणखान्यात आणावी.