पेशंटला औषधं समजावताना या चुका टाळा

"समजलं ना काका?" "हो हो, समजलं." डिस्चार्जच्या वेळचं हे बोलणं ऐकून ऐकून माझे कान किटलेत, आणि खरं सांगायचं तर नर्सिंगच्या पहिल्या काही वर्षांत मीपण हेच विचारायचे आणि फाईलवर 'औषधं समजावली' लिहून मोकळी व्हायचे. पेशंट 'नाही समजलं' असं कधीच म्हणत नाही. त्याला घरी जायची घाई असते, आपण उभ्या उभ्या बोलत असतो, आणि एवढं साधं कळलं नाही म्हणायची लाजही वाटते.

2006 साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, त्यात पेशंटना औषधाच्या बाटलीवरची लेबलं वाचायला दिली. सूचना होती 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा'. ज्यांना वाचायला जड जातं अशांपैकीही 71 टक्के लोकांनी ती बरोबर वाचली. मग त्यांना म्हटलं की आता दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा, तर जमलं फक्त 35 टक्क्यांना! म्हणजे वाचता येणं वेगळं आणि करता येणं वेगळं, आणि आपण सगळे वाचण्यावरच थांबतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे हा 'समजलं ना'. त्याऐवजी मी आता म्हणते, "काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर काकूंनी विचारलं ही गोळी कशी घ्यायची तर त्यांना काय सांगाल?" परीक्षा माझी आहे असं म्हटलं की माणूस मोकळेपणाने बोलतो. याला टीच-बॅक म्हणतात. आणि उत्तर चुकलं तर तेच वाक्य मोठ्या आवाजात परत म्हणू नका प्लीज, काका बहिरे नसतात, आपलं वाक्य चुकलेलं असतं, ते बदला.

जिथे हाताने काही करायचं असतं तिथे तर तोंडी सांगून काही उपयोग नाही. इन्सुलिन पेनचंच घ्या, म्हणजे डायल फिरवून डोस लावायचं पेनासारखं इंजेक्शन. एक काका शुगर खाली येत नाही म्हणून परत आले, डोस बरोबर, वेळ बरोबर, पेन फ्रीजमधून नीट आणलेलं, सगळं विचारून झालं आणि कोणालाच काही सापडेना. शेवटी म्हटलं काका, घरी घेता तसंच माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यांनी सुई लावली, वरचं मोठं झाकण काढलं, डायल फिरवला, पोटाला टेकवून बटण दाबलं, डायलवर शून्य आलं. पण आतलं छोटं झाकण तसंच! सगळं इन्सुलिन त्या झाकणात आणि थोडं शर्टवर. चूक त्यांची नव्हतीच, त्यांना शिकवताना सेफ्टी नीडल वापरली होती, तिला असं आतलं वेगळं झाकण काढावं लागत नाही, आणि घरी नेली साधी सुई. हा प्रकार इतर ठिकाणीही झालाय, त्यात जीवही गेलाय. त्यामुळे पेशंट घरी जे वापरणार तेच हातात देऊन शिकवा आणि त्याच्याकडूनच करून घ्या. व्हायल-सिरिंजवाल्यांचं, म्हणजे बाटलीतून सिरिंजने इन्सुलिन ओढून घेणाऱ्यांचं अजून एक, 40 ची सिरिंज (1 एमएलला 40 युनिट धरून खुणा केलेली) आणि 100 चं इन्सुलिन (1 एमएलला 100 युनिट असलेलं) अशी जोडी जमली की 10 च्या खुणेपर्यंत ओढल्यावर 10 नाही, 25 युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून दाखवा, दोन मिनिटं लागतात.

आता भाषेबद्दल. 'दिवसातून तीनदा जेवणानंतर' हे आपल्याला स्पष्ट वाटतं पण जो माणूस दोनदाच जेवतो तो दोनच गोळ्या घेतो, आणि ज्याला भूकच नाही तो म्हणतो जेवलो नाही म्हणून घेतली नाही. त्याच्यामते त्याने तुमचं ऐकलंच की! त्यामुळे आधी विचारा, तुम्ही उठता कधी, जेवता कधी, झोपता कधी, मग त्या वेळांना गोळ्या बसवा, आणि पोटात काही नसलं तर काय करायचं तेही सांगा. लेबल कुठल्या भाषेत वाचलं जातं त्यानेही घोळ होतो, इंग्रजीत 'वन्स' (once) म्हणजे एकदा, पण तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये वाचली की होतात अकरा. दिवसातून एकदा घ्यायच्या जागी अकरा गोळ्या, विचार करा.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीची. संधिवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट देतात ती आठवड्यातून एकदाच असते, आणि बाकी सगळ्या गोळ्या रोज घ्यायची सवय असलेला माणूस तीही रोज घ्यायला लागतो. यात लोक दगावलेत. त्यात भर म्हणजे सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळ्याच असतात, चष्मा नसला तर संपलंच. इथे 'आठवड्यातून एकदा' एवढं पुरत नाही, वार ठरवायचा, पाकिटावर पूर्ण 'सोमवार' असं लिहायचं ('सो.' नाही), गोळी कशासाठी आहे तेही लिहायचं आणि फॉलिक अ‍ॅसिडचा वार डॉक्टरांना विचारून वेगळ्या शाईने लिहायचा. तोंड आलं, घसा दुखला, ताप आला तर पुढच्या सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा, हेही पेशंटच्या तोंडून वदवून घ्या.

लहान मुलांच्या औषधात घोळ असतो चमच्याचा. घरातले चमचे एकसारखे नसतात, कोणात 3 एमएल मावतं, कोणात 7. 'एक चमचा' हा शब्दच काढून टाका, एमएलमध्येच बोला आणि तोंडाने द्यायच्या सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप एकच समजू नका, थेंबांच्या बाटलीत 1 एमएलला 100 मिलिग्रॅम असू शकतं आणि सिरपच्या 5 एमएलला 120. सिरपचं माप थेंबांना लावलं की बाळाला चौपट डोस.

पॅरासिटामॉलचा मोठ्यांमधला घोळ वेगळाच. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी, आणि तिन्हीत तेच औषध. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅम ही वरची मर्यादा धरतात, लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर डॉक्टर त्याहून कमी सांगतात. ब्रँडचं नाव पाठ करायला लावू नका, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव बोटाने दाखवा. डिस्चार्जनंतरही हेच होतं, बीपीची जुनी गोळी डब्यात असते, नवीन ब्रँडची तीच गोळी पिशवीत येते, आणि माणूस दोन्ही घेतो मग चक्कर येऊन पडतो. म्हणून काय सुरू झालं एवढंच नको, काय बंद झालं तेही सांगा, आणि जुनी पाकिटं पिशवीत भरून घेऊन या म्हणा. "कुठली औषधं घेता?" याला उत्तर अर्धवटच येतं, पिशवी खोटं बोलत नाही. त्यात झोपेची, टॉनिकची, जडीबुटीची सगळी येऊ दे, लोक यांना औषधात धरतच नाहीत.

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देणारे खूप आहेत. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर कुटायची नाही, दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं. आणि डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल घ्यायचा नाही, नक्की काय करायचं ते औषधागणिक वेगळं असतं म्हणून आजच विचारून लिहून घ्या.

आणि चूक होऊन गेल्यावर पेशंटने फोन केला तर त्याला झापू नका. झापलं की पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. पाकीट हातात घेऊन फोन करायला सांगा, किती घेतलं, किती वाजता घेतलं, आणखी काय घेतलं हे विचारा, आणि "मला तर काही होत नाहीये" याच्यावर विसंबू नका, पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी माणूस अगदी ठीक दिसू शकतो, लिव्हरचं नुकसान त्यानंतर कळतं, आणि त्यावरचा उतारा जितका लवकर मिळेल तितका चांगला लागू पडतो.