माथेरानच्या मिनी ट्रेनने जायचंय? आधी हे बघा

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा, बॅग नंतर. जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत पायथ्याचं नेरळ ते माथेरानच्या अलीकडचं स्टेशन अमन लॉज, ही गाडी बंदच असते, घाटात दरडी येतात, रुळाखालची माती वाहून जाते. २००५ च्या पावसात तर एवढं नुकसान झालं की गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं, आणि २०१९ ला बंद पडली ती थेट ऑक्टोबर २०२२ ला नेरळहून वर गेली. त्यामुळे पावसाळ्यात "मिनी ट्रेनने जाऊ" असं पोरांना कबूल करू नका, तेव्हा फक्त वरची अमन लॉज-माथेरान शटल मिळते. तीही मजेची आहे पण ती म्हणजे जेवायला बोलावून नुसतं ताक दिल्यासारखं.

आता नेरळला पोचायचं. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलच पकडा, बदलापूरची पकडली तर बदलापूरलाच उतरवेल. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यायची, मधे फक्त भिवपुरी रोड. आणि लवकर निघा म्हणजे खरंच लवकर, कारण वर जाणाऱ्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच, डबे छोटे, आणि शनिवार-रविवारी खिडकीवर ही रांग! आदल्या रात्री वेळापत्रक परत एकदा बघून ठेवा, ते बदलत असतं. तिकीट नाही मिळालं तर रुसून घरी येऊ नका, स्टेशनबाहेरून दस्तुरी नाक्यापर्यंत शेअर टॅक्सी मिळते, पुढे जवळच अमन लॉजहून शटल, नाहीतर रुळांच्या कडेकडेने चालत पाऊण-एक तासात बाजारात. दस्तुरीच्या पुढे तुमची गाडी नेता येत नाही, तिथेच पार्क करायची, म्हणून सामान तुम्ही स्वतः उचलू शकाल एवढंच घ्या. चाकाची मोठी सुटकेस तर अजिबात नको, लाल मातीत चाकं रुततात आणि मग हमाल शोधत बसा. शिवाय दोन फुटी रुळांवरचा डबा तो, गुडघ्याला गुडघा लागतो, तिथे सुटकेस ठेवणार कुठे.

पांढरे बूट नकोत. आमच्यातल्या एकाने हौसेने घातले होते, ते आजही विटकरी आहेत.

खिडकी कोणती पकडायची हा प्रश्न सगळेच विचारतात पण त्यात दम नाही, वळणं इतकी आहेत की दरी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. एकवीसेक किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात, म्हणून पाणी, टोपी, आणि ज्यांना घाट लागतो त्यांची गोळी जवळ असू द्या. नेरळला वडापाव खाऊनच बसा. खाण्याची पाकिटं हातात उघडी धरून वर फिरू नका, माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत. नाक्यावर प्रवेश कर भरावा लागतो, त्यासाठी सुटे पैसे ठेवा, दरवेळी नेट चालेलच असं नाही.

आणि हो, थोडी माहिती डोक्यात घालून जा म्हणजे पोरांनी विचारलं तर सांगता येईल. ही लाईन सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ ते १९०७ मध्ये बांधली, खर्च सोळा लाख, त्या काळचे! चढ काही ठिकाणी वीस फुटाला एक फूट आहे, रेल्वेच्या हिशोबात हा भलताच चढ, म्हणून तर ती एवढी हळू चालते, उगाच ड्रायव्हरला नावं ठेवू नका. जुम्मापट्टी, मग वॉटर पाइप, मग अमन लॉज, अशी स्टेशनं येतात. वाटेत एकच बोगदा, त्याचं नाव वन किस टनेल, आत गाडी इतका कमी वेळ असते की नाव कुणी का ठेवलं ते लगेच कळतं. सासू-सासरे बरोबर असतील तर हे नाव तुम्ही सांगू नका, कोणीतरी सांगतोच.

परतीचं तिकीट मात्र वर पोचल्या पोचल्या चौकशी करून ठेवा, रात्री खाली यायला गाडी नसते. आम्ही जाताना ट्रेन आणि येताना टॅक्सी असं करतो, दस्तुरीपर्यंत चालत येताना वाटेत चिक्की घेता येते.