वासरू पत्र्याखाली, हिशोब दोन वर्षांनी

एप्रिल लागला की शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे जनावरे बांधायच्या जागेवर, ठरलेले चित्र दिसते. दुभत्या म्हशीला लिंबाची सावली आणि अंगावर दोन बादल्या पाणी. वगार, म्हणजे म्हशीची वाढती मादी, मात्र पत्र्याच्या कोठ्यात, कोपऱ्यातल्या खुंट्याला. दूध रोज मापात दिसते, वाढ दिसत नाही, म्हणून हे होते. पण कालवड किंवा वगार माजावर येते ती वयापेक्षा वजनावर. संकरित कालवड साधारण 250 किलोच्या घरात गेल्याशिवाय भरवण्याजोगी, म्हणजे गाभण करण्याजोगी, होत नाही. उन्हाळ्यात दोन महिने वाढ खुंटली, तर तेवढे दिवस तिला पुढे फुकट पोसायचे.

परभणी-नांदेडकडे पारा 42-43 च्या वर गेला की जनावर चाऱ्यावरून तोंड काढते. पोटात चारा आंबताना उष्णता तयार होते, म्हणून ते आपणहून कमी खाते. जे खाल्ले त्यातली ताकद धापा टाकण्यात जाते, अंगी लागत नाही. म्हशीच्या पिल्लाचे हाल जास्त, कारण कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी. देवणी, लाल कंधारी काटक खऱ्या, पण महिन्याभराच्या वासराच्या बाबतीत जातीच्या भरवशावर राहू नका.

दुपारी 2 वाजता कोठ्यात जा. बसलेल्या वासराची कूस मिनिटभरात किती वेळा हलते ते मोजा. एरवी 25-35 वेळा हलते. 60 च्या पुढे गेली, तोंड उघडे आणि लाळ गळतेय, तर त्याला ऊन बाधतेय. मग पत्र्याच्या आतल्या बाजूला हात लावून बघा. आपला हात टिकत नाही तिथे वासरू दिवसभर बांधलेले असते! जुन्या माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, जनावरे सुखी होती, ती उगाच नाही.

पत्र्याला वरून चुना मारा. त्यावर तुराट्या किंवा पाचट अंथरून बांधा. जवळून विजेची वायर गेली असेल तर मात्र पाचट नको. पश्चिमेला ओले गोणपाट सोडा, पण चारही बाजू झाकू नका. वारा कोंडला की ओल आणि उकाडा दोन्ही आत राहतात. करडे डालग्याखाली झाकता ना? सकाळची सावली दुपारी सरकते, डालगे तिथेच राहते.

पाण्याच्या काळ्या टपात दुपारी हात घाला, चहाला ठेवल्यासारखे तापलेले असते. ते वासरू का पिईल? टप सावलीत हलवा, पाणी तीन-चार वेळा बदला. दूध पिणाऱ्या वासरालाही वेगळे पाणी लागतेच. गूळ-मिठाचे पाणी द्यायचे तर दोन दुधांच्या मध्ये द्या, दुधात कालवू नका. कडब्याची कुट्टी दिवस मावळल्यावर आणि पहाटे टाका, भर दुपारी दावण भरून उपयोग नाही.

उन्हाळ्यात व्यालेल्या गाई-म्हशींची वासरे आधीच हलकी निघतात. त्यांना पहिल्या तास-दोन तासांत चीक पाजाच, वार (जार) पडायची वाट पाहू नका. रेडकांना दहाव्या ते चौदाव्या दिवशी जंताचे औषध डॉक्टरांना विचारून, सकाळच्या गारव्यात द्या.

वासरू आडवे पडून धापा टाकत असेल तर सावलीत घ्या, डोक्यावर आणि अंगावर साधे पाणी सोडा, वारा घाला आणि 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला फोन लावा. नळीने जबरदस्तीने पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जाते.

वाढ डोळ्यांनी कळत नाही, टेप घ्या. छातीचा घेर इंचात मोजून त्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 660 ने भागा. घेर 36, लांबी 30 असेल तर वजन अंदाजे 59 किलो. दर पंधरवड्याला हा आकडा कोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा.

वळवाच्या पावसानंतर हवा दमट झाली की ओले गोणपाट काढा. तेव्हा पाणी शिंपडण्यापेक्षा मोकळा वारा आणि पंखा कामाचा.