ट्रंपेट शिकायला घेताना: नळीचा हिशेब आणि पहिली खरेदी

ट्रंपेटच्या तीन पिस्टनांवर, म्हणजे बोटांनी दाबायच्या झडपांवर, एवढे सूर निघतात कसे, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न. सूर ओठ काढतात, पिस्टन फक्त नळीची लांबी बदलतात. एकही पिस्टन न दाबता खालचा सी, जी, वरचा सी, ई, जी एवढे सूर ओठांचा ताण आणि हवेचा वेग यांवर मिळतात. मधले सूर काढायला नळी लांबवावी लागते. बी फ्लॅट ट्रंपेटची नळी सुमारे १४८ सेंमी. दुसरा पिस्टन तिला जवळपास ९ सेंमी जोडतो, सूर अर्ध्याने उतरतो. पहिला १८ सेंमी जोडून पूर्ण सुराने उतरवतो, तिसरा २८ सेंमी जोडून दीड सुराने.

खरी गोम पुढे आहे. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की अडीच सूर उतरायला सुमारे ५० सेंमी लागते, मिळते ४६. म्हणून खालचा डी चढा लागतो, आणि तिन्ही दाबून येणारा सी शार्प त्याहून चढा. तिसऱ्या पिस्टनच्या स्लाइडवर (आतबाहेर सरकणाऱ्या नळीवर) डाव्या अनामिकेसाठी कडं असतं ते यासाठीच. डीला स्लाइड थोडी बाहेर सरकवायची, सी शार्पला जवळपास दुप्पट. ही सवय सुरुवातीलाच लावा, नंतर बोटं ऐकत नाहीत.

पहिला ट्रंपेट बी फ्लॅटच घ्या. त्यावर सी वाजवला की पेटीची काळी पाच ऐकू येते. गायक काळी एकमध्ये असेल तर तुम्ही ई फ्लॅटमध्ये, पांढरी चारमध्ये असेल तर जीमध्ये. सी ट्रंपेट (सुमारे १३२ सेंमी) सिंफनीवाल्यांचा. ट्रंपेटच्या भावंडांपैकी कॉर्नेटची लांबी बी फ्लॅटएवढीच, पण नळी जास्त निमुळती, म्हणून आवाज मऊ. फ्लुगलहॉर्न त्याहून गडद, आणि त्याला माउथपीस (ओठ टेकवायचा तुकडा) वेगळा लागतो. पिकोलो ट्रंपेटची नळी बी फ्लॅटच्या निम्मी असते, तरी वरचे सूर आपोआप सोपे होत नाहीत. पॉकेट ट्रंपेट फक्त जास्त गुंडाळलेला, नवशिक्याने टाळावा.

मेरठचे स्वस्त ट्रंपेट किंवा जुना नग घेताना पिस्टन न दाबता पहिली स्लाइड झटकन ओढा. 'पॉक' असा आवाज आला नाही तर हवा गळते, आणि वरचे सूर डळमळतात. बेलचा (पुढच्या रुंद तोंडाचा) पोचा दिसायला वाईट, पण माउथपीसलगतच्या नळीतला पोचा सूर बिघडवतो. माउथपीस ७सी या मापाच्या आसपासचा पुरे.

पिस्टनला रोज तेल, स्लाइडला ग्रीस. अदलाबदल नको, ग्रीसने पिस्टन जड होतात. तेल घातल्यावर फुंक अडली तर पिस्टन चुकीच्या खान्यात गेलाय किंवा फिरलाय. त्यावर कोरलेला आकडा बघा. वरचा सूर येईना म्हणून माउथपीस ओठांवर दाबू नका. रक्त थांबतं, ओठ बधिर होतात, आणि दहा मिनिटांत खालचे सूरही जातात. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते; दुरुस्तीवाल्याकडे तो काढायचं खास साधन असतं.