टेक्सासमध्ये मसाज थेरपिस्टचं लायसन्स कसं मिळवावं

डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लानो भागात किंवा ह्यूस्टनला मराठी घरात बाळ येणार असलं की बाळंतिणीला तेल लावून द्यायला कुणी मिळेल का, याची शोधाशोध सुरू होते. ज्यांच्या हातात हे कसब आहे त्यांना वाटतं, चार घरची कामं धरायला काय हरकत आहे? हरकत कायद्याची आहे. टेक्सासमध्ये पैसे घेऊन मालिश करायचं तर राज्याचं लायसन्स लागतं, मग ते स्पामध्ये असो की गिऱ्हाइकाच्या घरी. लायसन्स मिळवणं आवाक्यातलं आहे, पण कामांचा क्रम चुकला तर फी भरून हात चोळत बसायची वेळ येते.

आधी व्हिसा बघा

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण कमावता येत नाही. त्यासाठी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात हवा. लायसन्स आणि कामाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. "रोख घेतलं तर कुणाला कळतंय" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी हेच अंगाशी येऊ शकतं. मुलीच्या बाळंतपणासाठी व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईने स्वतःच्या लेकीला तेल लावावं, शेजारणीकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. त्या व्हिसावर कोर्सला नाव घालणंही चालत नाही.

शाळा निवडा, पण आधी तिचं लायसन्स तपासा

मसाज थेरपीचा कारभार २०१७ पासून टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन, म्हणजे टीडीएलआर, या खात्याकडे आहे. शाळेलाही याच खात्याचं लायसन्स लागतं. खात्याच्या वेबसाइटवर शाळेचं नाव टाकून ते चालू आहे ना, हे पाहा आणि मगच फीचं बोला. वर्ग सुरू करण्याआधी तुम्हालाही विद्यार्थी म्हणून परमिट काढावं लागतं. भारतात पंचकर्माचा कोर्स केला असेल तर हात तयार असतो, त्याचा उपयोग होतोच. पण ते प्रमाणपत्र दाखवून थेट लायसन्स मिळत नाही.

एखाद्या जुन्या गुन्ह्याची नोंद असेल तर खात्याकडून आधीच लेखी मत मागवता येतं. फी भरण्यापूर्वी हे करून घ्या.

५०० तास कशात जातात

अभ्यासक्रम किमान ५०० तासांचा. त्यातले २०० तास प्रत्यक्ष मसाजचं तंत्र आणि त्यामागचा विचार शिकण्यात जातात, आणि त्यातही १२५ तास स्वीडिश मसाजला द्यावेच लागतात. शरीररचना ५० तास, शरीरक्रिया २५, स्नायू-सांध्यांच्या हालचालींचं शास्त्र ५०, रोगांची ओळख ४०, पाण्याचे उपचार २०, कायदा-व्यवसाय-नीती ४५, आरोग्य, स्वच्छता, प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायचा तातडीचा उपचार) मिळून २०. शेवटचे ५० तास इंटर्नशिपचे.

रोगांची ओळख हा भाग मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे पोटरी दुखली की "जरा चोळून दे" म्हणायची सवय. पण बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी दिसली तर तिला हातही लावायचा नाही, बाईला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचं. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. मालिश कधी करायचं नाही, हे ज्याला पक्कं कळलं त्याच्याच हाती माणूस सोपवावा.

एमब्लेक्स परीक्षा

बहुतेक राज्यांप्रमाणे टेक्सासही लायसन्ससाठी एमब्लेक्स (मसाज अँड बॉडीवर्क लायसन्सिंग एक्झामिनेशन) हीच परीक्षा मानतं. ती पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात संगणकावर होते. प्रश्न १००, वेळ १ तास ५० मिनिटं, भाषा इंग्रजी किंवा स्पॅनिश. एकदा उत्तर देऊन पुढे गेलात की मागे येता येत नाही, म्हणून "नंतर बघू" ही सवय सरावाच्या वेळीच मोडा. निकाल तिथल्या तिथे कळतो. नापास झालात तर ३० दिवस थांबून, पुन्हा पूर्ण फी भरून बसता येतं.

अभ्यासाचा तोल सांभाळा. आपली मंडळी हाडांची आणि स्नायूंची नावं पाठ करण्यात महिने घालवतात, पण शरीररचना आणि शरीरक्रिया मिळून फक्त ११ टक्के प्रश्न असतात. गिऱ्हाइकाची तपासणी आणि उपचाराचं नियोजन यावर १७ टक्के, नीती-मर्यादा-कायदे यावर १६. हे प्रश्न प्रसंग देऊन विचारतात, तिथे पाठांतर कामाला येत नाही.

आणखी एक, नावाचं. पासपोर्टवर माहेरचं नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं, कुठे मधलं नाव आहे, कुठे नाही, हा घोळ आपल्याकडे घरोघरी. अर्जावरचं नाव केंद्रात दाखवायच्या ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. कोणतं नाव वापरायचं ते शाळेत नाव घालतानाच ठरवा.

अर्ज

वय १८ पूर्ण हवं. टीडीएलआरकडे अर्ज, फी, शाळेचा तासांचा दाखला, परीक्षेचा निकाल आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी. ठशांची वेळ लवकर घ्या.

लायसन्स हाती आल्यावर

पहिल्या सेशनआधी गिऱ्हाइकाला एक कागद देऊन त्यावर सही घ्यावी लागते. कोणत्या पद्धतीने मसाज करणार, कोणत्या भागांना हात लावणार आणि कोणत्या नाही, अंग चादरीने झाकलेलं राहील, त्रास वाटला तर तिथेच थांबवलं जाईल, हे त्यात लिहिलेलं असतं. स्त्रीच्या स्तनांना मसाज करायचा तर तिची वेगळी लेखी संमती लागते. बाळंतिणीच्या मालिशमध्ये हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा ओळखीचं घर असलं तरी कागद टाळू नका.

रोगाचं निदान करायचं नाही आणि "मणका बसवून देते" असंही म्हणायचं नाही. ते काम डॉक्टरांचं आणि कायरोप्रॅक्टरचं.

एकट्याने, स्वतःच्या नावाने काम करत असाल तर जागेचं वेगळं लायसन्स लागत नाही. व्यवसायाला दुसरं नाव दिलंत तर ते जिथे जिथे छापाल तिथे तुमचं पूर्ण नाव किंवा लायसन्स नंबर द्या. व्यवसायाचा विमाही पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी काढा.

लायसन्स दोन वर्षं चालतं. नूतनीकरणासाठी १२ तासांचं पुढचं शिक्षण आणि मानवी तस्करी रोखण्याबद्दलचा एक कोर्स करावा लागतो. मुदत संपल्यावर काम करणं म्हणजे विनालायसन्स काम करणं, तेव्हा तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीची टाकून ठेवा.