९४५ चे विभाजक कसे काढावेत आणि त्यांच्या बेरजेत काय सापडतं

कोणत्याही संख्येची पारख मूळ अवयवांपासून सुरू करावी. ९४५ च्या एककस्थानी ५ आहे, म्हणून आधी ५ ने भागा: १८९. अंकांची बेरीज १ + ८ + ९ = १८, तेव्हा ३ ने भाग जाणार: ६३, पुन्हा २१, पुन्हा ७. इथे थांबा. ९४५ = ३ × ३ × ३ × ५ × ७. घाईत ५ × ९ × २१ वरच हात थांबतो. ९ आणि २१ मूळ नाहीत, आणि ही चूक पुढच्या प्रत्येक पायरीत उतरते.

विभाजक किती, हे यादी न करताही कळतं. ३ चा घातांक ३, ५ आणि ७ चा १. प्रत्येकात १ मिळवून गुणाकार करा: ४ × २ × २ = १६. हा १ का, तर एखादा अवयव अजिबात न घेणं हाही एक पर्याय असतो. तो विसरला तर उत्तर ३ येतं. पण ३, ५, ७ हेच तीन झाले. मग १ आणि ९४५ कुठे गेले?

यादी जोड्यांनी करा: १ × ९४५, ३ × ३१५, ५ × १८९, ७ × १३५, ९ × १०५, १५ × ६३, २१ × ४५, २७ × ३५. ३१ चा वर्ग ९६१ होतो, म्हणून जोडीतला लहान विभाजक ३० च्या पुढे जात नाही. आठ जोड्या, सोळा विभाजक, मोजणी जुळली.

आता बेरीज. सोळा आकडे मांडण्यापेक्षा कंसांचा गुणाकार करा, त्यात चुकायला जागा कमी: (१ + ३ + ९ + २७) × (१ + ५) × (१ + ७) = ४० × ६ × ८ = १९२०. यातून ९४५ वजा करा (ही वजाबाकी हमखास राहून जाते): ९७५. स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा ३० ने जास्त भरली. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. सम संख्यांत पहिली विपुल संख्या १२ लाच भेटते: १ + २ + ३ + ४ + ६ = १६. विषम संख्यांत मात्र ९४५ च्या आधी एकही नाही.

एवढा उशीर का? विषम संख्येला निम्म्याएवढा विभाजक नसतो. नुसते ३ कितीही वेळा घेतले तरी सर्व विभाजकांची बेरीज संख्येच्या दीडपटीला पोचत नाही. सोबत ५ घेतले तरी १५/८ पटीच्या आतच राहते. विपुल व्हायला दुपटीच्या पुढे जावं लागतं, म्हणून तिसरा मूळ अवयव हवाच. ३ × ५ × ७ = १०५ घ्या: बेरीज १९२, दुप्पट २१०. आणखी एक ३ घातला की ३१५: १३ × ६ × ८ = ६२४, दुप्पट ६३०. अवघे सहा कमी पडले! हे ३१५ चं हुकणं स्वतः करून पाहाच, त्याशिवाय ९४५ चं मोल कळत नाही. तिसरा ३ आला आणि १९२० ने १८९० ला मागे टाकलं.

त्याच जोड्यांतून वर्गांची वजाबाकीही मिळते. २७ आणि ३५ यांची सरासरी ३१, दोघांचं तिच्यापासून अंतर ४; म्हणून ३१ चा वर्ग वजा ४ चा वर्ग = ९६१ − १६ = ९४५. प्रत्येक जोडीतले दोन्ही आकडे विषम असल्याने सरासरी कधी अपूर्णांकात जात नाही, आणि असे आठही मार्ग निघतात.

१ ते ९४५ मधल्या किती संख्या ९४५ शी सहमूळ आहेत, म्हणजे १ सोडून दोघांना सामाईक विभाजक नाही? दर तीन संख्यांतली एक ३ ने भागली जाते, म्हणून २/३ उरतात; ५ आणि ७ चंही तसंच. ९४५ × २/३ = ६३०, × ४/५ = ५०४, × ६/७ = ४३२. ३ तीनदा आहे म्हणून २/३ तीनदा घेऊ नका. इथे प्रत्येक मूळ अवयव एकदाच मोजायचा.